आत्या, पुलाचं भांडण राहिलंच

आत्या, नाशिकच्या द्वारका चौकात तू नऊ दिवस घोषणा देत उभी होतीस. चूक माझी.

तू गेलीस त्या संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "सर, ताईंचा एक मोठ्या साइजचा फोटो टाका ना." सुजलेल्या डोळ्यांनी मी मोबाइलमध्ये शोधलं आणि जो सगळ्यात स्पष्ट दिसला तो पाठवून मोकळा झालो. तो होता विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा. गळ्यात कांद्याची माळ, उजवी मूठ वर, तोंड उघडं. फ्लेक्सवाला बिचारा सज्जन. त्याने कांदे पुसून तिथे झेंडूचा हार घातला, मूठ कापून टाकली. पण उघडं तोंड तो कसं मिटवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दशक्रियेची वेळ आणि मधे तू, कोणावर तरी तुटून पडलेली.

द्वारकेला गाडी अडकली की किती वेळ अडकते ते तुला माहीत आहे. लोकांना तुझ्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. आमच्या शाळेतले शिंपी सर भेटायला आले, हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "सर, ताई नेमक्या कोणावर ओरडतायत?"

मी दुसरा फोटो शोधायला बसलो. तुझी तिन्ही कपाटं उपसली. तेव्हा लक्षात आलं की तुझा एकही तसा फोटो नाही. तीन वेळा निवडून आलेल्या बाईचा फीत कापतानाचा एक फोटो असू नये? आमदार म्हणजे हातात कात्री, हातात कुदळ, हारात बुडालेला चेहरा. तुझ्या फोटोंत कात्री कायम दुसऱ्याच्या हातात. तू कडेला, अर्धी कापलेली. आणि जिथे मधोमध आहेस तिथे ओरडते आहेस. शेवटी सुजाता, तुझी भाचेसून, म्हणाली, "राहू द्या तोच. निदान ओळखू तरी येतायत."

पण मी लिहायला बसलो ते फ्लेक्ससाठी नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. मी तुला एकदा फार वाईट बोललो होतो. तू उत्तर दिलं नाहीस आणि मी माफी मागितली नाही. दोन वर्षं आपण दोघं त्यावर बसून राहिलो. परवा दशक्रियेला मला तुझं उत्तर मिळालं, आणि ते द्यायला तू नव्हतीस.

अगदी पहिल्यापासून सांगू दे. मास्तराची सवय, मधूनच सुरू करता येत नाही.

तुझ्या पहिल्या निवडणुकीनंतर तू मला बोलावलंस. मी तेव्हा देवळाली कॅम्पातल्या शाळेत नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. तू म्हणालीस, "नंदू, तुझं अक्षर चांगलं आहे. अधिवेशनाचे प्रश्न तू लिहायचे." मला वाटलं, आता आपण राज्य चालवणार. नाशिक रोडच्या तुझ्या जेवणाच्या टेबलावर रविवारी सकाळी बसून मी पहिला तारांकित प्रश्न लिहिला: 'डोंगराळ भागातील गोरगरीब जनतेची अक्षम्य हेळसांड होत असून ही अत्यंत लाजिरवाणी बाब आहे, हे खरे आहे काय?' तू वाचलंस. पेन घेऊन 'अक्षम्य', 'अत्यंत', 'लाजिरवाणी' सगळं खोडलंस.

"विशेषणाला मंत्री उत्तर देत नाही. गावाचं नाव लिही, ओढ्याचं नाव लिही, किती दिवस वाट बंद असते ते लिही."

मी आयुष्यभर मुलांना विशेषणं शिकवली, आणि तू एका सकाळी ती पाडून टाकलीस.

मग छापील उत्तरं यायची. '(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.' इतक्या मेहनतीने लिहिलेला आपला प्रश्न उद्भवतच नसे. पहिल्यांदा मी चिडलो. तू खळखळून हसलीस आणि तो कागद देवघराच्या शेजारी लावून ठेवलास. आतोबा होते तोवर घरात तीच भाषा चालायची. तू विचारायचीस, "दूध उतू गेलं, हे खरे आहे काय?" आणि आतोबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "हे अंशतः खरे आहे."

आपला पक्ष तरी केवढा! सगळे आमदार एका जीपमध्ये मावायचे आणि वर मागे जागा उरायची. सरकारं बदलायची, काल तुझ्या शेजारी बसून बाकं वाजवणारे आज समोर बसायचे, तू मात्र तिथेच. मी एकदा म्हटलं, "आत्या, तुझा बाक आता घरचा झाला असेल." तू म्हणालीस, "घरचा नाही रे. पण कुठे टोचतो ते माहीत झालंय."

त्या सगळ्या वर्षांत एक प्रश्न मी दर अधिवेशनाला लिहायचो. जांभूळपाड्याचा. तुझ्या मतदारसंघाच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पोटातला पाडा. मधे ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की पाडा तिकडे आणि दवाखाना, रेशन, मोठी शाळा सगळं इकडे. मागणी एका लहानशा पुलाची. मला तो प्रश्न पाठ झाला होता. उत्तरही पाठ झालं होतं.

आणि मग तुझ्या दुसऱ्या टर्ममध्ये सत्ताधारी पक्षाचे एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मी टेबलावर प्रश्नच लिहीत होतो, म्हणून सगळं ऐकलं. राजीनामा द्या, आमच्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवा, निवडून आणायची जबाबदारी आमची, मतदारसंघातली अडलेली कामं सहा महिन्यांत मार्गी लावू. तू विचारलंस, "जांभूळपाड्याचा पूल?" ते म्हणाले, "ताईसाहेब, तो तर पहिल्या महिन्यात."

तू त्यांना चहा दिलास. म्हणालीस, "आठ दिवसांनी सांगते."

ते गेल्यावर मी नाचायचाच बाकी होतो. "आत्या, जा! जन्मभर विरोध करून काय मिळवायचंय?" तू टेबलावरचे कागद गोळा केलेस आणि म्हणालीस, "चहात साखर जास्त झाली होती का रे?" आठ दिवसांनी तू नाही म्हणून कळवलंस. का, ते मी विचारलं. तू म्हणालीस, "ठरलं तसं." मला वाटलं, ही बाई हट्टी आहे. झेंड्याला चिकटून बसलीय आणि त्यालाच तत्त्व म्हणतेय.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात जांभूळपाड्याची तुळसाबाई अडली. पहिलंच बाळंतपण. झोळी करून माणसांनी तिला ओढ्यापर्यंत आणलं. ओढा दुथडी. ते काठावर पाणी उतरायची वाट बघत थांबले. उतरलं तेव्हा तुळसाबाई वाचली, बाळ नाही.

तू दुसऱ्या दिवशी तिकडे गेलीस. परत आलीस तेव्हा मी नेहमीसारखा टेबलावर बसलो होतो. तू म्हणालीस, "लिही." नेहमीचाच प्रश्न, त्यात एक ओळ जास्त. तू सांगत होतीस आणि तुझा आवाज अगदी सपाट होता. एकही विशेषण नव्हतं.

पूल शेवटी झाला, तू हरल्यावर. तुझ्यानंतरच्या आमदाराने, म्हणजे सत्ताधारी आमदाराने केला. उद्घाटनाची पत्रिका तुलाही आली. मी म्हटलं, कशाला जायचं? तू म्हणालीस, "अरे, पूल बघायला." मीच गाडी चालवली. तू मंडपात चौथ्या रांगेत बसलीस. पाटीवर बरीच नावं होती, तुझं नव्हतं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, तूही वाजवल्यास. मग माणसं पांगल्यावर तू एकटीच पुलावरून पलीकडे चालत गेलीस आणि परत आलीस. मी गाडीत एसी लावून बसलो होतो. रागाने.

तो राग मला नीट समजला नव्हता. वाटत होतं पाटीचा आहे. नव्हता. परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, मी बोललो.

"आत्या, तू त्या वेळी तिकडे गेली असतीस तर हा पूल तेव्हाच झाला असता. तुळसाबाईचं पोर आज माझ्या वर्गात बसायच्या वयाचं असतं. तुझं तत्त्व राहिलं, तिचं पोर गेलं."

वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं. हे मी आज लाजेने लिहितोय, पण खरं आहे, मला तेव्हा वाटलं की वाक्य चांगलं जमलं.

तू म्हणालीस, "गाडी थांबव. पाणी प्यायचंय."

मी थांबवली. तू बाटलीतून दोन घोट प्यायलीस, झाकण घट्ट लावलंस आणि म्हणालीस, "चल. काच वर घे, धूळ येते." नाशिक रोडपर्यंत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. आयुष्यभर सभागृहात मंत्र्यांना उठून सुनावणारी तू, माझ्यासारख्या मास्तराला उत्तर देऊ शकली नाहीस. मी त्याचा अर्थ काय घेतला सांगू? माझं बरोबर आहे, असा. आणि मग लगेच दुसरा: आपण म्हाताऱ्या बाईच्या वर्मावर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून मी सुधारलो. म्हणजे मला तसं वाटलं. माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून मी गोड झालो. दर रविवारी यायचो, फळं आणायचो, औषधं विचारायचो. तू म्हणायचीस, आपल्या पक्षाने या वेळी उमेदवारच द्यायला नको होता. मी म्हणायचो, बरोबर आहे. पुढच्या रविवारी म्हणायचीस, आपण दिला ते बरं झालं. मी म्हणायचो, अगदी बरोबर. तू एकदा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदललाय का?"

आजार वाढला. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू बोलायचीस थोडं थोडं. मी रोज ठरवून यायचो, आज म्हणायचं, आत्या, त्या दिवशी चुकलो. आणि रोज नर्सशी सलाइनबद्दल बोलून परत जायचो.

आता परवाचं.

दशक्रियेला गोदेच्या काठी एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे दहाव्याला माइक लागतो, पुढारी येतात, एकेक करून श्रद्धांजली वाहतात. तुला ते अजिबात आवडायचं नाही. "मेलेल्याला हरकतीचा मुद्दा मांडता येत नाही, म्हणून बोलतात," म्हणायचीस. सध्याचे आमदार आले, तेच पूलवाले. पांढरा शर्ट, हात जोडलेले. म्हणाले, "ताई विरोधी पक्षात होत्या, पण विकासाच्या आड कधी आल्या नाहीत. त्यांचं जांभूळपाड्याच्या पुलाचं स्वप्न मी पूर्ण केलं, हे माझं भाग्य." मी खाली बघत उभा होतो. मुंडन केलेलं डोकं उन्हात तापत होतं. मनात म्हणत होतो, स्वप्न कशाला म्हणतोस बाबा, छापील प्रश्न आहेत.

भाषणं संपली, माणसं चहाकडे वळली. तेव्हा एक बाई माझ्याजवळ आली. पस्तिशीची, हिरवं लुगडं, हातात पिशवी. "तुम्हीच ताईंचे भाचे ना? मास्तर? मी जांभूळपाड्याची तुळसा."

मी तिला त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. तिचं दुःख मात्र मी घाटात तुझ्यावर फेकून मारलं होतं.

घाटाच्या पायरीवर आम्ही बसलो. ती म्हणाली, "ते आता बोलले ना, सपान म्हणून. लय राग आला. त्या पुलाचं ताईनी आम्हाला आधी इचारलं व्हतं."

"काय विचारलं होतं?"

"माझं लगीन होऊन चार म्हैने झाले व्हते. ताई एकट्याच आल्या, यष्टीनं. शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवलं. म्हनल्या, मला तिकडून बोलावणं हाय. गेले तर तुमचा पूल या साली होतो. पण मग जंगलातल्या जमिनीचं मला बोलता यायचं नाय, तिकडं तोंड बंद ठेवावं लागंल. तुम्ही सांगा, काय करू. आज तुम्ही म्हनाल ते."

त्या आठ दिवसांत तू कुठे गेली होतीस ते मला सोळा वर्षांनी कळत होतं. मी तेव्हा दहावीचे पेपर तपासत होतो.

"कुणीच बोलंना. सासरा गप, पाटील गप. त्या म्हनल्या, ज्याला वाटतं जाऊ नये त्यानं हात वर करा. मास्तर, मी नवी नवरी. डोक्यावर पदर. पयला हात मी वर केला. आमची सगळी कसायची जमीन जंगलात. कागद नव्हता एक. वनखात्याचे लोक येऊन नांगर उचलून न्यायचे. मला वाटलं, ओढा काय, चार म्हैन्याचा. जमीन बारा म्हैन्याची. मग बाकीच्यांनी हात वर केले."

तिने पदराने तोंड पुसलं. रडत नव्हती.

"मग माझं ते झालं. ताई आल्या दुसऱ्या दिवशी. मी म्हनलं, ताई, माझ्याच हातानं केलं मी. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हनल्या, हे परत बोलायचं नाय. घरात नाय, बाहेर नाय. कुणी इचारलं तर म्हनायचं, ताईनं ठरवलं. ताईच्या मनात आलं, ताई गेली नाय. बास."

"आणि जमीन?"

"कागद आला की. चार वर्सांनी. माझं बी नाव हाय त्याच्यावर."

आत्या, तू त्या दिवशी घाटात पाणी का मागितलंस ते मला कळलं. एक वाक्य बोलली असतीस तर मी कायमचा गप्प झालो असतो. 'मी त्यांना विचारलं होतं.' चार शब्द. पण त्या चार शब्दांच्या मागे तुळसाबाईचा वर केलेला हात होता, आणि तो तुला कोणालाही दाखवायचा नव्हता. माझ्यासारख्याला तर नाहीच. तू मला ओळखून होतीस. मला सांगितलं असतंस तर सोमवारी ते आमच्या स्टाफरूममध्ये गेलं असतं. मी गोष्ट छान रंगवून सांगितली असती, वर तीन-चार विशेषणं लावून.

म्हणून मी तुळसाबाईला विचारलं, "मी हे लिहू का?"

ती म्हणाली, "लिवा. ताई गेल्या. आता त्यांच्या अंगावर कशाला ठेवायचं?"

"नाव टाकू?"

"टाका की. हात माझाच व्हता."

तरी माझं भांडण संपलेलं नाही, आत्या. तू विचारलंस हे खरं. पण चार महिन्यांच्या नवरीला असं विचारायचं असतं का? ते ओझं त्यांच्यासमोर ठेवायचं, आणि मग त्याचं फळ वाईट निघालं की एकटीने उचलून न्यायचं, हा कुठला कारभार? तू म्हणशील, मग मी नाशिक रोडला बसून त्यांच्या वतीने ठरवायला हवं होतं का? मी म्हणेन, आमदार त्यासाठीच असतो. तू म्हणशील, आमदार विचारायला असतो. हे आपण रविवारी दुपारपर्यंत ताणलं असतं. तू मधेच उठून थालीपीठ लावलं असतंस आणि तव्यासमोरून ओरडून बोलली असतीस. ते सगळं मी दोन वर्षं तुला 'बरोबर आहे' म्हणत घालवलं.

माफी मागतो. घाटातल्या वाक्याची. ते वाक्य चांगलं जमलेलं नव्हतं.

आणि एक सांगायचं राहिलं. तुझे सगळे प्रश्न मी आता वाचतोय, टेबलावर काढून. किती गावं, किती ओढे, किती वाटा. कुठल्या पाटीवर तुझं नाव नाही, पण त्यातली बरीच कामं पुढे कोणी ना कोणी केलेली आहेत, तुला पहिल्यांदा 'हे खरे नाही' म्हटल्यानंतर. तुझ्याबरोबर त्या टेबलावर बसायला मिळालं, ही माझ्या साध्या आयुष्यातली मोठी गोष्ट. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'मोठी' खोड.

हे इथपर्यंत लिहून मी सुजाताला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आत्यांनी मला सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी, मी डबा घेऊन गेले होते तेव्हा. म्हणाल्या, 'नंदूला म्हणावं, येतोस तर भांडायला ये. माझ्यापुढे मान हलवणारी माणसं मला जन्मात आवडली नाहीत.'"

मी हबकलो. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, 'बरोबर आहे आत्याचं.'"